सांधा बदलणारी पेटी

रेल्वेत सांधेवाला नावाचा एक माणूस असायचा. गाडी स्टेशनात शिरायच्या आधी तो लोखंडी दांडा ओढायचा, रूळ सरकायचे, आणि गाडी फलाटाला लागणार की मालधक्क्याकडे वळणार ते ठरायचं. डब्यात लग्नाचं वऱ्हाड आहे की मयताला निघालेले नातेवाईक, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसे. गाडी कुठली आणि जायचं कुठे, एवढंच तो बघे. अमेरिकेत रेल्वेच्या या सांध्याला स्विच म्हणतात. आपल्याकडे स्विच म्हटलं की दिव्याचं बटण डोळ्यांपुढे येतं. म्हणून संगणकांच्या जाळ्यातल्या स्विचबद्दल बोलायचं तर मला आपला 'सांधा' हाच शब्द जवळचा वाटतो.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. वायरींशी माझा संबंध फ्यूज बांधण्यापुरता. तरी हा विषय मी घेतला. मोठ्या बँका, हॉस्पिटलं, विद्यापीठं, कारखाने यांच्या एखाद्या कुलूपबंद, गारठलेल्या खोलीत एक पेटी घुरघुरत असते. तिला 'मोड्युलर राउटिंग स्विच' असं बोजड नाव आहे. तिचा इतिहास वाचताना मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा दिसत राहिला. पुष्कळ जणांना एकमेकांशी बोलायचं असेल तर त्यांना एका दालनात बसवावं की वेगवेगळ्या खोल्यांत? आणि खोल्या केल्या तर दारं किती ठेवावीत, कुठे ठेवावीत?

सुरुवात दालनापासून झाली. १९७३ साली कॅलिफोर्नियात, पालो आल्टो इथल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी एका जाड तारेला अनेक संगणक जोडायची युक्ती काढली. मूळ धागा त्यांना रेडिओकडून मिळाला होता. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ मध्ये बेटांवरची यंत्रं रेडिओलहरींनी विद्यापीठाच्या संगणकाशी जोडली होती. मेटकाफनी आपल्या जाळ्याला नाव दिलं ईथरनेट. ईथर म्हणजे जुन्या शास्त्रज्ञांनी मानलेलं, प्रकाश वाहून नेणारं सर्वव्यापी द्रव्य. आपल्या भाषेत आकाशतत्त्वच म्हणा. असं द्रव्य नाही, हे भौतिकशास्त्रानं केव्हाच मान्य केलं होतं. पण नावांचा मोह कवींनाच असतो असं नाही.

या तारेवरची वागणूक मोठी सभ्य होती. बोलण्याआधी ऐकायचं. कुणी बोलत असेल तर थांबायचं. दोघं एकदम बोलले आणि शब्द एकमेकांवर आदळले, तर दोघांनीही गप्प व्हायचं, मनाला येईल तेवढा वेळ थांबायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. पुन्हा टक्कर झाली तर आणखी जास्त वेळ थांबायची तयारी ठेवायची. अध्यक्ष नाही, सूत्रसंचालक नाही. आमच्या मुशायऱ्यात उलटी रीत. जुन्या मुशायऱ्यांत शमा, म्हणजे मेणबत्ती, फिरवत नेत. ती ज्याच्या पुढ्यात ठेवली त्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. गंमत अशी की आयबीएम कंपनीनं १९८५ साली ईथरनेटला शह देण्यासाठी 'टोकन रिंग' नावाचं जे जाळं बाजारात आणलं, ते हुबेहूब मुशायऱ्याच्या रीतीचं होतं. एक टोकन संगणकांच्या वर्तुळात फिरतं. ते ज्याच्या हाती, त्यानं बोलावं. शिस्त तिकडे जास्त होती. पण बाजारात जिंकलं ते सूत्रसंचालक नसलेलं, स्वस्त ईथरनेट.

ईथरनेटची अडचण दालनाची होती. तारेवर टाकलेलं प्रत्येक पाकीट सगळ्यांच्या दारावरून जायचं. ज्याचं नाव त्यावर असेल त्यानं घ्यायचं, इतरांनी सोडून द्यायचं. वीस माणसांत हे चालतं. दोनशे झाली की टकरी वाढतात, आणि थांबण्यातच वेळ जातो.

मग भिंत घालायची ठरली. एका तारेच्या दोन तारा करायच्या आणि मध्ये एक पेटी ठेवायची. कुठला संगणक कुठल्या बाजूला आहे, हे ती ऐकून ऐकून लक्षात ठेवते आणि गरज असेल तेवढीच पाकिटं पलीकडे सोडते. या पेटीला ब्रिज म्हणत. पण एक पूल पडला तर दोन गावांचा संबंध तुटतो, म्हणून शहाण्या माणसानं दोन पूल बांधावेत, आणि इथेच घोटाळा झाला. कुणाचा पत्ता ठाऊक नसेल तर ही यंत्रं 'अमका कुठे आहे?' असं सगळ्यांना ओरडून विचारतात. दोन पूल असले की ती आरोळी एका पुलावरून जाते, दुसऱ्यावरून परत येते, पुन्हा पहिल्यावरून जाते. ईथरनेटच्या पाकिटाला वय नसतं. इतक्या फेऱ्या झाल्या, आता विझ, असं सांगणारी खूणच त्यावर नसते. एक आरोळी अनंतकाळ फिरत राहते, प्रत्येक फेरीत तिच्या नकला वाढतात, आणि काही क्षणांत सगळं जाळं त्या गोंगाटाखाली बुडतं.

यावर उपाय शोधला रेडिया पर्लमन यांनी. त्या तेव्हा डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये होत्या. त्यांनी नंतर सांगितलं आहे की वरिष्ठांनी हे काम शुक्रवारी सोपवलं आणि ते सुट्टीवर गेले. उत्तर त्यांना त्याच रात्री सुचलं. उत्तर असं: पेट्यांनी आपसात छोटे निरोप पाठवून आपल्यातली एक मूळ म्हणून निवडायची. मग प्रत्येकीनं मुळापर्यंतची जवळची वाट ठेवायची आणि जादा वाटा स्वतःहून बंद करायच्या. जाळ्याचं झाड होतं. झाडाच्या दोन फांद्या पुन्हा एकमेकींना मिळत नाहीत, म्हणून आरोळीला गोल फिरायला जागाच उरत नाही. एखादी फांदी तुटली की बंद ठेवलेली वाट उघडायची. दोन-तीन दिवसांत सगळा तपशील लिहून झाला. वरिष्ठ परतायला अजून अवकाश होता, तेव्हा उरलेल्या आठवड्यात बाईंनी त्यावर कविता लिहिली! जॉइस किल्मर यांच्या झाडावरच्या प्रसिद्ध इंग्रजी कवितेच्या चालीवर. 'अल्गोऱ्हाइम' हे तिचं नाव, आणि १९८५ साली शोधनिबंधासोबतच ती छापून आली. इंजिनिअरिंगच्या शोधनिबंधात यमक! मला बाईंबद्दल तेव्हापासून सख्ख्या नात्यातल्यासारखं वाटतं.

मात्र पर्लमन यांचं स्वतःचं मत वेगळं होतं. ब्रिज ही तात्पुरती सोय आहे, मोठ्या जाळ्यासाठी राउटरच हवा, असं त्या सांगत राहिल्या. तात्पुरत्या सोयींचं काय होतं ते आपण घरोघरी बघतोच. गळक्या नळाला बांधलेली चिंधी दहा वर्षं टिकते.

इथून पुढे इतिहासात एक नाव येतं आणि मराठी माणूस दचकतो. १९९० च्या सुमारास सिलिकॉन व्हॅलीत विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या उद्योजकानं लॅरी ब्लेअर यांच्यासोबत काढलेल्या कंपनीनं 'ईथरस्विच' नावाची सात तोंडांची पेटी आणली. कंपनीचं नाव कल्पना. ते भारद्वाज यांच्या पत्नीचं नाव होतं. एका तारेवर सगळ्यांनी पाळीपाळीनं बोलायच्या जागी आता जोडी-जोडीनं एकाच वेळी बोलणं होऊ लागलं. सात तोंडांत तीन जोड्या, आणि कुणाची कुणाला आडकाठी नाही. शिवाय पाकीट पूर्ण यायची वाट ही पेटी बघत नसे. पाकिटाच्या अगदी सुरुवातीला सहा बाइट्समध्ये ज्याला द्यायचं त्याचा पत्ता असतो. तेवढा वाचला की पेटी पुढच्या दाराकडे धावू लागे, मागचा मजकूर अजून येतच असे. पाकिटाच्या तोंडावरचं नाव वाचून पोस्टमननं धूम ठोकावी, आणि पत्र लिहिणाऱ्याची सही मागाहून त्याच्या हातात पडावी, तसं.

खरं तर हा ब्रिजच होता, जास्त तोंडांचा आणि चपळ. पण ब्रिज या शब्दाला तोवर बाजारात उतरती कळा लागली होती, म्हणून स्विच म्हटलं गेलं. शब्द बदलला आणि माल खपला. १९९४ मध्ये सिस्कोनं कल्पना कंपनी विकत घेतली. त्या नावाची पाटी उतरली. आज जाळ्यांची कामं करणाऱ्या तरुणांना विचारा, दहांतल्या नवांना ते नाव माहीत नसतं. सिस्को मात्र सगळ्यांना माहीत.

सिस्कोची गोष्टही अशीच अर्धी सांगितली जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लेन बोसॅक आणि सँडी लर्नर या जोडप्याला आपापल्या विभागांतून एकमेकांना निरोप पाठवायचे होते, म्हणून राउटर जन्मला, अशी ती प्रेमकथा. कवी असल्यामुळे मला ती आवडायला हवी. पण त्या राउटरचा मूळ प्रोग्राम स्टॅनफर्डमधल्याच विल्यम येगर यांनी १९८० पासून लिहायला घेतला होता. बोसॅक-लर्नर यांनी कंपनी काढली १९८४ मध्ये, आणि विद्यापीठाशी रीतसर परवान्याचा करार झाला १९८७ मध्ये. येगर यांच्या वाट्याला गोष्टीतली तळटीप आली.

आता राउटर आणि स्विच यांतला फरक सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. स्विच गल्लीतला पोस्टमन. प्रत्येक घर त्याला नावानं ठाऊक. पण आरोळी आली की ती तो गल्लीभर जाऊ देतो. राउटर म्हणजे गावाची वेस. तो घर बघत नाही, गाव बघतो; आणि एका गावातली आरोळी दुसऱ्या गावात शिरू देत नाही. शिवाय राउटरमधून जाणाऱ्या पाकिटाला वय असतं, फेऱ्या संपल्या की ते विझतं. म्हणजे मोठ्या जाळ्याला वेशी हव्यातच. अडचण एवढीच होती की जुना राउटर प्रत्येक पाकिटाचा निर्णय प्रोग्रामनं, एकेक पायरी मोजत घेई. वेशीवर रांगा लागत. म्हणून लोक वेशी टाळत आणि गल्लीला गल्ली जोडत सुटत.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वेशीचं काम थेट चिपमध्ये कोरलं गेलं. राउटरचा विवेक आणि स्विचचा वेग एका पेटीत आले. रॅपिड सिटी कम्युनिकेशन्स ही या कामातली एक छोटी कंपनी. १९९७ मध्ये बे नेटवर्क्सनं ती घेतली आणि 'राउटिंग स्विच' हेच नाव पेटीवर मिरवलं. पुढच्याच वर्षी कॅनडाच्या नॉर्टेलनं बे नेटवर्क्सच गिळली. नॉर्टेलची याच वंशातली ८६०० ही पेटी नावाजली. पर्लमन यांच्या झाडात जादा वाटा बंद पडून राहत. नॉर्टेलनं अशी सोय केली की दोन पेट्या बाकीच्या जाळ्याला एकच वाटाव्यात आणि दोन्ही वाटांनी एकाच वेळी वाहतूक व्हावी. पण १४ जानेवारी २००९ रोजी नॉर्टेल दिवाळखोरीत निघाली. हजारो निवृत्तांच्या पेन्शनला कात्री लागली. जाळ्यांचा धंदा अवाया कंपनीकडे गेला, आणि २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या हिवाळी ऑलिंपिकला जे जाळं नॉर्टेलच्या नावानं उभं राहायचं होतं, ते अवायाच्या नावानं चाललं. २०१७ मध्ये अवायानंही तो धंदा एक्स्ट्रीम नेटवर्क्सला विकला. कारागिरी तीच, पाटी दर काही वर्षांनी नवी.

सिस्कोनं १९९३ मध्ये साडेनऊ कोटी डॉलरला क्रेसेंडो ही कंपनी घेतली. तिची ही पहिलीच खरेदी. मारिओ मात्सोला, प्रेम जैन, लुका काफिएरो ही त्यातली मंडळी. 'कॅटॅलिस्ट' या स्विचमालिकेची मुळं तिथली. त्या मालिकेतली ६५०० ही पेटी १९९९ मध्ये आली. मोड्युलर म्हणजे काय, हे तिच्यावरून कळतं. ६५०९ म्हणजे नऊ खाचांचा लोखंडी सांगाडा, छोट्या फ्रिजएवढा. सांगाड्यात स्वतःची अक्कल जवळजवळ नाही. एका खाचेत 'सुपरवायझर' नावाचं कार्ड बसतं, तो मेंदू. दुसऱ्या खाचेत त्याचा जोडीदार, पहिला गेला तर हा उठतो. उरलेल्या सात खाचांत ४८ तोंडांची कार्डं बसवली तर ३३६ यंत्रं एका पेटीला जोडता येतात. वीजपुरवठा दोन. कार्ड बिघडलं तर पेटी चालू ठेवून तेवढंच ओढून काढायचं आणि नवं सरकवायचं; धावत्या एसटीचं चाक बदलावं तसं. २००३ मध्ये सेकंदाला ७२० गिगाबिट पेलणारा नवा मेंदू आला, तो जुन्या सांगाड्यातही बसला, पंखे तेवढे जोमदार लावावे लागले. २०११ मधल्या त्याच्या वारसाला मात्र नव्या घडणीचाच सांगाडा लागला. भांडं तेच, कल्हई नवी, हे कधीतरी संपतंच.

एवढं सगळं हाताशी असून माणसं गल्लीला गल्ली जोडतच राहिली तर काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेतल्या बोस्टन शहरात घडलं. तिथलं बेथ इस्रायल डिकनेस हे हॉस्पिटल १९९६ साली दोन जुन्या हॉस्पिटलांच्या विलीनीकरणातून झालं. संस्था एकत्र आल्या, इमारती जोडल्या गेल्या, तसं जाळ्याला जाळं जोडत गेलं. पेटीला पेटी, तिला आणखी एक पेटी. वेशी फारशा नव्हत्या. पर्लमन यांच्या झाडाला एक मर्यादा असते: ठरावीक वेळापत्रकाप्रमाणे चालायचं तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सातपेक्षा जास्त पेट्या असू नयेत. या जाळ्याच्या काही फांद्या सातच्या पुढे गेल्या होत्या. वर्षानुवर्षं काही झालं नाही, म्हणून कुणी मोजलं नाही.

बुधवार, १३ नोव्हेंबर २००२. एका संशोधकाच्या कामातून जाळ्यावर माहितीचा प्रचंड लोंढा सुटला. त्या गर्दीत पेट्यांचे आपसातले छोटे निरोप हरवू लागले. निरोप आला नाही, तेव्हा पेटीला वाटलं पलीकडची फांदी तुटली; तिनं बंद ठेवलेली वाट उघडली. फांदी तुटलेली नव्हतीच. वर्तुळ पुरं झालं, आणि आरोळ्या फिरू लागल्या. त्या गोंगाटात आणखी निरोप हरवले, आणखी वाटा उघडल्या. इंजिनिअर एखादा भाग तोडत, जाळं क्षणभर शांत होई आणि पुन्हा उसळे. हॉस्पिटलमध्ये तोवर औषधाच्या चिठ्ठ्या, रक्ताचे अहवाल, एक्स-रेची चित्रं, सगळं संगणकावर गेलेलं होतं. अॅम्ब्युलन्सना काही तास दुसऱ्या हॉस्पिटलांकडे वळवावं लागलं.

अखेर निर्णय झाला, कागदावर जायचं. जाळं दुरुस्त होईल तेव्हा होईल. रुग्णांना ते होईल-न-होईलच्या फेऱ्यात ठेवायचं नाही. मला हा निर्णय त्या चार दिवसांतला सगळ्यात शहाणा वाटतो. यंत्र मधूनच चालतं आणि मधूनच बंद पडतं, तेव्हा ते पूर्ण बंद पडण्यापेक्षा घातक असतं. अहवाल पाठवला, पण पोचला का? डॉक्टरनं औषध वाढवलं ते नर्सला दिसलं का? अशा शंकेत अतिदक्षता विभाग चालवता येत नाही.

सिस्कोनं माणसं आणि नवी यंत्रसामग्री विमानानं पाठवली. त्यांचं काम मुख्यतः वेशी बांधण्याचं होतं. सपाट पसरलेल्या जाळ्याचे भाग पाडायचे, मध्ये रस्ता ठरवणाऱ्या पेट्या बसवायच्या, म्हणजे एका भागातली आरोळी तिथेच विझेल. पर्लमन जे १९८५ पासून सांगत होत्या, ते बोस्टनमध्ये चार दिवस रात्रंदिवस जागून करावं लागलं.

पहिलं बोट त्या संशोधकाकडे दाखवणं सोपं होतं. मला ते पटत नाही. एका माणसाच्या कामानं हॉस्पिटल बंद पडत असेल तर दोष घराच्या बांधणीत असतो, पाहुण्यात नाही. हॉस्पिटलच्या संगणक विभागाचे प्रमुख जॉन हलामका यांनीही तसं केलं नाही. अशा वेळी संस्था तोंडाला कुलूप लावतात. त्यांनी जाळं कसं वाढलं, कुठे चुकलं, हे मासिकांना आणि इतर हॉस्पिटलांना उघडपणे सांगितलं. पुढे मोठ्या जाळ्यांची आखणी शिकवताना हे उदाहरण कितीतरी ठिकाणी दिलं गेलं, ते त्यामुळेच.

त्या चार दिवसांतलं एक चित्र मात्र तांत्रिक अहवालांत नीटसं येत नाही. प्रयोगशाळेतले निकाल हातात घेऊन माणसं जिने चढत-उतरत होती. कोऱ्या छापील फॉर्मचे गठ्ठे पुन्हा बाहेर निघाले होते. तरुण डॉक्टरांपैकी काहींनी औषधाचा आदेश हातानं कागदावर कधी लिहिलाच नव्हता. जुने डॉक्टर त्यांच्या शेजारी उभे राहून कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते दाखवत होते.